उलटा फिरणारा बॉल

काल संध्याकाळी आमच्या अल कुसैसच्या घरातला एसी बंद केला. मे महिन्यापासून कानामागे चाललेली घरघर थांबली आणि घर एकदम परकं वाटायला लागलं. मिलिंद आतून ओरडला, "काय झालं? लाइट गेली का?" दुबईत एकोणीस वर्षं काढली तरी दर ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याला शांतता ऐकू आली की लाइट गेल्यासारखंच वाटतं. मी खिडकी उघडली. खालच्या लाँड्रीची वाफ, समोरच्या कॅफेटेरियातला करक चहा, कोणाकडे तरी तळले जाणारे मासे आणि या सगळ्याखालून पार्कातल्या ओल्या गवताचा वास. आला म्हटलं, आमचा हिवाळा आला.

इथे ऋतू दोनच. एक घरात बसायचा आणि एक घराबाहेर पडायचा. चालायचे बूट काढायला चपलांचं कपाट उघडलं तर मागून बॉल घरंगळत आला. आता हा बॉल काही शहाण्यासारखा घरंगळत नाही. सोललेल्या नारळाच्या आकाराचा, दोन्हीकडून टोकदार, एकदा इकडे डोकं आपटणार, एकदा तिकडे. हवा गेली होती बिचाऱ्याची. मी तो उचलला. कुठल्या हाताने उचलला ते लक्षात आलं आणि एकटीच हसत बसले.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. आमची सई तेव्हा अकरावीत होती. आता ती पुण्यात कॉलेजात आहे, हॉस्टेलच्या जेवणाला नावं ठेवत सुखात आहे. पण त्या हिवाळ्यात ती आमच्या डोक्यावर बसली होती. मुलींच्या फ्लॅग फुटबॉलच्या टीममध्ये ती क्वार्टरबॅक झाली होती. हे काय प्रकरण असतं ते मलाही ठाऊक नव्हतं. "फुटबॉल म्हणता आणि पाय तर कोणी लावतच नाही," हे माझं पहिलं मत. मग हळूहळू कळलं. एकीने बॉल फेकायचा, ती क्वार्टरबॅक. बाकीच्यांनी लांब पळत जाऊन तो झेलायचा, त्या रिसीव्हर. प्रत्येकीच्या कंबरेला दोन पट्ट्या. पट्टी ओढली की खलास, तिथेच थांबायचं. जमिनीवर पडला तर बॉल फुकट.

खेळ बघता बघता मला एका गोष्टीचं वेडच लागलं. फेकणारी बॉल फेकते तेव्हा झेलणारी अजून तिकडे बघतसुद्धा नसते! ती पाठमोरी पळत असते. जिथे आत्ता कोणीच नाही अशा रिकाम्या जागेवर बॉल टाकायचा आणि विश्वास ठेवायचा, की ती बरोबर त्याच क्षणाला तिथे पोचेल आणि वळेल. संसारात आम्हाला बावीस वर्षांत हे जमलेलं नाही. मी वाक्य अर्धं टाकते, "अहो, ते जरा…" आणि मिलिंद भलत्याच दिशेला धावत सुटतो. मी गॅस म्हणते, तो गिझर बंद करून येतो.

सईच्या तीन रिसीव्हर होत्या. नूर इजिप्तची, उंच, हात लांबच लांब. तिला बॉल डोक्यावरूनच लागायचा. छातीशी आलेला बॉल ती अशी बघायची, जसं पाहुण्यांसमोर कोणी कालची भाजी वाढलीय. जोवी आमच्याच बिल्डिंगमधली, चौथ्या मजल्यावरची फिलिपिनो. एवढीशी, पण पाय कसले चपळ! लिफ्टची वाट तिने कधी बघितलीच नाही. तिला बॉल खालून, गुडघ्यापाशी हवा. आणि अ‍ॅनी केरळची, लाजाळू, मनातल्या मनात पावलं मोजत पळणारी. सातव्या पावलाला वळायचं ठरलं तर भूकंप झाला तरी सातव्यालाच वळणार. सई तिघींना जिच्या तिच्या आवडीप्रमाणे वाढायची. नूरला उंच, जोवीला खाली, अ‍ॅनीला वेळेवर. घरी स्वतःचं ताट उचलत नव्हती, ते सोडा.

एवढं सगळं जुळत होतं, तरी बॉल हातातून निसटायचा. बोटांना लागायचा आणि सुटायचा. एकदा नाही, दहा वेळा. नोव्हेंबर गेला, अर्धा डिसेंबर गेला, टीम हरत गेली. मैदानाच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेले आम्ही सगळे देशोदेशीचे आईबाप एकसुरात "ओऽऽह" म्हणायला शिकलो. कोच बेकी अमेरिकन, शाळेत पीटी शिकवणारी, आवाज असा की पलीकडच्या सिग्नलवरच्या गाड्या थांबाव्यात. ती मुलींना ओरडायची नाही. वहीत काहीतरी लिहायची. त्यानेच जास्त भीती वाटायची.

मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात मी शिपमेंटचं बघते. कंटेनर अडकला की जो तो म्हणतो, "वैशाली मॅमला सांगा." तेव्हा मी ठरवलं, या पोरींना झेलायची सवय कमी आहे. मंगळवार आणि गुरुवारी सईची फिजिक्सची ट्यूशन असायची. त्या वेळात मी तिच्या तिन्ही रिसीव्हरना खालच्या पार्कात बोलावलं आणि स्वतः बॉल फेकायला उभी राहिले. वय चव्वेचाळीस, पंजाबी ड्रेस, ओढणी कंबरेला बांधलेली. पहिल्या दिवशी खांदा असा धरला की रात्री मिलिंदकडून बाम चोळून घ्यावा लागला. पण दोन आठवड्यांत पोरी तयार झाल्या. दहातले आठ झेलायला लागल्या. जोवी म्हणाली, "आंटी, यू आर अ मशीन!" मी तरंगतच घरी आले.

आणि त्या शनिवारी मॅचमध्ये सईचे नऊ बॉल सुटले. नऊ! आधी चार-पाच सुटायचे, माझ्या क्लासनंतर नऊ.

मॅच संपल्यावर कोच बेकीने सईला बाजूला घेतलं. तिचं बोलणं शांत होतं. पुढची मॅच दोन आठवड्यांनी आहे, त्यात नूर फेकेल, सईने पळावं. नूरचा हात चांगला आहे, ट्राय करून बघू. सईने मान डोलावली. गाडीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत होती. शारजाकडची ट्रॅफिक नेहमीसारखी मुंगीच्या पावलांनी चालली होती.

मी म्हटलं, "अगं, एका मॅचचं काय एवढं?"

"इट्स फाइन, आई," ती म्हणाली. "मेबी आय अ‍ॅम जस्ट द राँग वे राउंड."

इथे वाढलेली मुलं, आपण मराठीत विचारायचं, ती इंग्रजीत उत्तर देणार, त्याची सवय आहे. पण हे वाक्य मला असं लागलं की मी चुकीच्या लेनमध्ये शिरले आणि मागच्याने हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. कारण सई डावखुरी आहे. जेवते डाव्या हाताने, लिहिते डाव्या हाताने, बॉलही डाव्याच हाताने फेकते. आणि ती अशी राहिली, कारण मी तिला तशी राहू दिली. ती दीड वर्षाची असताना तिने पहिल्यांदा चमचा डाव्या हातात धरला, तेव्हा मी मनात शपथ घेतली होती की हिच्या हाताला कोणी हात लावायचा नाही.

कारण मीसुद्धा डावखुरीच जन्मले होते. चिंचवडच्या कंपनी क्वार्टर्समध्ये लहानाची मोठी झाले. आई शाळेत शिक्षिका, घरीही शिक्षिकाच. जेवायला बसले की माझ्या डाव्या हाताला ती रुमाल बांधायची. मारायची नाही हं, कधीच नाही. पण काही द्यायचं असलं, प्रसाद असो, गोळी असो, की माझा डावा हात पुढे यायचा आणि तिचा हात मागे जायचा. "चांगला हात," एवढंच म्हणायची आणि थांबायची. उजवा पुढे येईपर्यंत थांबायची. सहा महिन्यांत मी उजवी झाले. फक्त क्वार्टर्सच्या मागच्या बोरीच्या झाडाला दगड मारताना मी डावी असायचे, कारण तिथे आई बघत नसायची. माझा नेम सगळ्या क्वार्टर्समध्ये एक नंबर होता. हे सगळं मी विसरले होते, असं मला वाटत होतं.

आई तेव्हा इथेच आली होती, व्हिजिट व्हिसावर, डिसेंबरच्या शेवटी. प्रत्येक गोष्टीचे रुपये करत हिंडत होती. जोवीचे हातमोजे एकशेवीस दिरहॅमचे ऐकून म्हणाली, "पावणेतीन हजारांचे हातमोजे? आणि बर्फ कुठाय?" सईला ती अजूनही काही देताना हात मागे घ्यायची. सई हसत उजवा पुढे करायची, "सॉरी आजी," म्हणायची आणि खायची मात्र डाव्याने. दोघींचा तो खेळच झाला होता. मला त्या खेळाचा राग यायचा. खरंच राग यायचा, पण बहात्तर वर्षांच्या बाईला काय सांगणार?

त्या शनिवारी संध्याकाळी मिलिंद मोबाइलवर मॅचचे व्हिडिओ हळू स्पीडमध्ये बघत बसला होता. क्रिकेटचा माणूस, त्याला सगळ्यात क्रिकेटच दिसतं. एकदम म्हणाला, "हा बघ, हा उलटा फिरतोय."

"काय उलटा?"

"बॉल गं. तुझा बॉल फेकल्यावर असा फिरतो," त्याने बोट गोल फिरवलं, "आणि सईचा असा. डावखुऱ्या बोलरला खेळताना फसतात ना लोक, तसंच. नेट प्रॅक्टिस उजव्याची आणि मॅचमध्ये डावखुरा आला तर काय होणार? दांडी गुल!"

अगं बाई! मी डोक्याला हातच लावला. पोरींच्या बोटांना मी दोन आठवडे घोकंपट्टी करून घेतली होती, आणि तीही चुकीच्या उत्तराची. आधी त्यांच्या बोटांना काहीच माहीत नव्हतं, आता चुकीचं पक्कं माहीत होतं. लेकीला मदत करायला गेले आणि तिच्याच पायावर धोंडा पाडून आले. त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू. मिलिंद घाबरून माझ्याकडे बघत होता.

रविवारी सकाळी सात वाजता मी एकटीच पार्कात गेले. हवा अशी की शाल घ्यावी की न घ्यावी. बॉल डाव्या हातात धरला. हात ओशाळला होता, खरंच सांगते. पहिला बॉल गेला थेट पाण्याच्या फवाऱ्यात. दुसरा झुडपात. तिसऱ्याला मी डोळे मिटले आणि बोरीचं झाड आठवलं. तिथे कधी कोणी शिकवलं होतं? खांदा मागे, कोपर वर, आणि सोडायचं. बॉल गेला तो खजुराच्या झाडापर्यंत, सरळ, गिरक्या घेत. गवताला पाणी घालणारा पेशावरचा खानभाई नळी हातात धरून उभाच राहिला. म्हणाला, "बाजी, पहले तो आप दूसरे हाथ से फेंकती थीं ना? इससे ज़्यादा सीधा जाता है."

"हां भाई," मी म्हटलं. "असली वाला यही है."

मग काय! दोन आठवडे मंगळवार, गुरुवार आणि वर रविवारची सकाळ. पोरींना सांगितलं, मागचं सगळं विसरा. पहिल्या दिवशी त्यांनी विसाव्या बॉलपर्यंत एकही झेलला नाही. जोवी वैतागली, "आंटी, इट्स रनिंग अवे फ्रॉम मी!" मी म्हटलं, "यल्ला, तूही पळ त्याच्यामागे." अ‍ॅनीने पावलांबरोबर बॉलच्या गिरक्याही मोजायला सुरुवात केली असावी. नूर बोटांनी थोपवायचं सोडून तळहात वळवून घ्यायला लागली. हळूहळू आवाज बदलला. बॉल बोटांना लागून निसटतो तेव्हा टप असा कोरडा आवाज येतो. हातात बसतो तेव्हा आवाज भरीव येतो, भाकरी थापताना शेवटी येतो तसा. एका गुरुवारी मी लागोपाठ अकरा भरीव आवाज ऐकले.

सईला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. ट्यूशनहून यायची, गपचूप जेवायची. नूरचं तिने अभिनंदनही केलं होतं. मोठ्या मनाची आहे पोरगी, माझ्यावर गेलेली नाही.

आणि त्याच गुरुवारी आई पार्कात आली. मला सांगून नाही, सहज, पाय मोकळे करायला. माझा हात वर, बॉल डाव्या हातात, आणि समोरून येणारी नऊवारी नाही, सहावारी नाही, साधा गाऊन आणि वर मिलिंदचा स्वेटर घातलेली माझी आई. मी काय करावं? मी बॉल पटकन उजव्या हातात घेतला! चव्वेचाळीस वर्षांची बाई, हाताखाली नऊ माणसं, आणि बोरं चोरताना पकडल्यासारखी उभी. जोवी ओरडली, "नो आंटी, नॉट दॅट हँड!" मी तिच्याकडे डोळे वटारले, पण तिला कुठे काय माहीत?

आई बाकावर बसली. मग गेलं खड्ड्यात म्हणून मी बॉल परत डाव्या हातात घेतला आणि फेकला. नूरने डोक्यावरून घेतला. आई शेवटपर्यंत बसून राहिली. घरी जाताना लिफ्टमध्ये तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि इतकंच म्हणाली, "उद्या तीळ भाजायला घ्यायचे आहेत. संक्रांत आली."

शनिवारच्या मॅचला आम्ही सगळे गेलो. आईच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात तिळगुळाचे लाडू. ठरल्याप्रमाणे नूर फेकायला उभी राहिली आणि सई पळायला. नूरने पहिला बॉल छान टाकला, जोवीच्या गुडघ्यापाशी, अगदी तिला हवा तसा. जोवीच्या हातातून सुटला. दुसरा अ‍ॅनीकडे. सुटला. तिसरा परत जोवीकडे, परत टप. कोच बेकीची वही उघडली. आणि जोवी मैदानाच्या मधोमध कंबरेवर हात ठेवून भांडायला उभी राहिली, "कोच, नूर्स बॉल इज स्पिनिंग बॅकवर्ड्स!"

कोच बेकी म्हणाली, "जोवी, दॅट्स द नॉर्मल वे."

"नॉट फॉर अस!"

नूर स्वतः पुढे आली आणि बॉल सईच्या हातात देऊन पळायच्या जागेवर जाऊन उभी राहिली. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. अ‍ॅनीने मान इतकी जोरात हलवली की तिची पोनी सुटली. सई बॉल धरून उभी. तिला काहीच कळत नव्हतं. तिने कोचकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मिलिंद उभा राहून ओरडला, "अगं टाक की!"

तिने टाकला. नूर पाठमोरी पळत होती. रिकाम्या जागेवर गेलेला तो बॉल मी अजून बघू शकते, डावीकडे किंचित सरकत, उलटा फिरत. आणि नूर वळली. भरीव आवाज! नंतर जोवी, नंतर अ‍ॅनी, परत जोवी. खुर्च्यांवरचे आईबाप उभे. एक अनोळखी सीरियन बाबा "मबरूक, मबरूक!" असं अरबीत अभिनंदन करून मला टाळी देऊन गेले. मॅच आम्ही एका पॉइंटने हरलो, पण आमच्या पोरी अशा उड्या मारत होत्या की समोरची टीम स्कोअरबोर्ड परत वाचायला लागली. कोच बेकीने वहीतलं एक पान खोडलं. "सई कीप्स थ्रोइंग," ती म्हणाली, आणि तो आवाज सिग्नलपर्यंत नक्की गेला असणार.

मग जोवीने सगळं फोडलं. आंटीने काय केलं, कुठल्या हाताने केलं. सई माझ्याकडे बघतच राहिली. "आई, यू आर अ लेफ्टी?" आणि मग, वर्षातून दोनदा बोलते त्या मराठीत, "मला कधी सांगितलं का नाहीस?" काय सांगणार? मीच विसरले होते. तिने घामट अंगाने मला मिठी मारली आणि मी मनसोक्त रडले. आनंदाने रडले, लपवायचं काय त्यात.

आईने डबा उघडला. पोरींनी गराडा घातला. आईने प्रत्येकीला लाडू दिला आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणाली. जोवीने ते तसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग सईचा नंबर. सईचा डावा हात नेहमीसारखा पुढे आला, आणि लगेच तिने तो हसत मागे घेतला, उजवा पुढे करायला. पण आईने तिचं डावं मनगट धरलं आणि लाडू त्याच हातावर ठेवला.

शेवटी मी. चाळीस वर्षांची सवय, मी उजवा हात पुढे केला. आईचा हात मागे गेला. ती थांबली, लाडू तसाच धरून, लहानपणी थांबायची तशीच.

"तो नाही," ती म्हणाली. "चांगला हात."

मी हात बदलला. लाडू जरा कडकच झाला होता.